तुम्ही विचारलंत म्हणून : पहाटेचीच बाटली का?

कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर फिरायला येणारी मंडळी मला ‘बाटलीवाल्या मॅडम’ म्हणतात. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायला पहाटे संध्यामठाच्या अंगाला वाकून मी पाणी भरत असते आणि कुणीतरी हमखास थांबतं. “काय ओ मॅडम, दुपारी पाणी मिळत न्हाई होय?” कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले, तरी हा प्रश्न काही सुटला नाही. एरवी हसून वेळ मारून नेते. आज नीट सांगते.

दुपारचं पाणी फसवं असतं. ऊन आहे तोवर पाण्यातलं शेवाळ ऑक्सिजन तयार करत राहतं. अंधार पडला की ते थांबतं, पण श्वास सगळ्यांचाच चालू : मासे, गाळातले जिवाणू, खुद्द शेवाळसुद्धा. त्यामुळे उजाडायच्या आधी शिल्लक सगळ्यात कमी. मासे मरतात ते बहुधा त्याच वेळी, आणि सकाळी काठावर चर्चा होते की रात्री कुणीतरी औषध टाकलं. कधी टाकलेलं असतंही म्हणा.

माझी बाटली अरुंद तोंडाची, बूच काचेचं, टोकाला तिरकं. आत बुडबुडा राहिला की नमुना वाया. काठावरच आधी मँगनीज सल्फेट घालायचं, मग अल्कलीतलं आयोडाइड, आणि बाटली उलटसुलट करायची. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. एका एप्रिलमध्ये एकाच जागेवरून दोन बाटल्या भरल्या. दुपारी चारची काकवीसारखी गडद. पहाटेची म्हणजे दूध जास्त पडलेला चहा.

आता उन्हाळ्याचं. २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात. शिवाय पाणी तापलं की माशाला जास्त ऑक्सिजन लागतो. पगार कापला आणि त्याच महिन्यात पाहुणे आले, तशी गत.

हे रंकाळ्यापुरतं नाही. समशीतोष्ण प्रदेशातल्या ३९३ तलावांच्या नोंदींवरचा एक अभ्यास २०२१ मध्ये आला. १९८० पासून विरघळलेला ऑक्सिजन पृष्ठभागाजवळ ५.५ टक्के घटला होता, खोल पाण्यात तब्बल १८.६ टक्के. वरचा थर तापून हलका झाला की तो सायीसारखा वरच तरंगतो. खाली हवा पोचत नाही. ते आकडे रंकाळ्याला जसेच्या तसे लावू नका, ते तलाव वेगळे. समुद्रातला ऑक्सिजनही १९६० पासून सुमारे २ टक्क्यांनी घटलाय. पृथ्वीवर साठलेल्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून जास्त समुद्रानंच पोटात घेतली आहे, तर होणारच.

तरी सगळं उन्हाच्या माथी मारणं मला पटत नाही. हवामान बदललं म्हटलं की सगळे सुटले! नाल्याचं सांडपाणी आपण सोडतो. त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ माजतं, ते मेलं की जिवाणू त्याला कुजवतात आणि त्यात उरलासुरला ऑक्सिजन संपवतात. उन्हानं गाळा अरुंद केला, गर्दी आपण केली. पहिल्या वळवात नदीतसुद्धा हेच होतं : चार महिन्यांची घाण एकदम खाली येते. लोकांना वाटतं, पाऊस पडला, आता नदी धुऊन निघेल.

गंगावेशीत म्हशी आणून समोर धार काढून दूध देणाऱ्या एका मामांना परवा हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हंजे पहाटं मासं वर येऊन तोंड उघडत्यात, ते त्यासाठी होय? मी ल्हानपणापासनं बघतोय. मला वाटायचं, दव पित्यात.”