डकोटातल्या पत्रांचा डबा: चौथा महिना आणि एक घोळ

143 पैकी 61 पत्रं झाली. ‘झाली’ म्हणजे पेन्सिलीने क्रमांक घातला, स्कॅन केलं आणि आम्लरहित फोल्डरमध्ये ठेवलं. त्यातली वाचून झालेली जेमतेम वीस. गेल्या खेपेला मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, मार्चअखेर शंभर करीन म्हणून. तो आकडा विसरा.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी सांगते, पत्रं माझी नाहीत. नॉर्थ डकोटातल्या फार्गोला आमच्या शेजारी राहणाऱ्या आजींच्या पणजीची आहेत. ते कुटुंब नॉर्वेहून आलं आणि ट्रेल काउंटीत गूज नदीजवळ त्यांनी 160 एकर जमीन धरली. पाच वर्षं तिथेच राहून ती कसून दाखवायची, मग ती नावावर, असा 1862 चा होमस्टेड कायदा. गंमत अशी की पणजीने स्वतः लिहिलेलं एकही पत्र डब्यात नाही. तिची पत्रं टपालाने निघून गेली, उरली ती तिला आलेली. फोनवर बोलणाऱ्याची एकच बाजू ऐकत बसल्यासारखं होतं.

आता घोळ. जानेवारीत इथे बाहेर उणे पंचवीस आणि घरात भट्टी अखंड चालू, त्यामुळे खोलीतली आर्द्रता पंधरा-वीस टक्क्यांवर. घडी घातलेला कागद पापडासारखा. उघडायला गेलं की घडीवर कुरकुरतो. घडी सैल व्हावी म्हणून मी तेच केलं जे जुने कागद हाताळणारे आपण सगळे करतो: झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, तळाशी ओला टिपकागद, वर जाळी, जाळीवर पत्र. दोन तासांनी काढायचं ठरवलं होतं. मुलाला ताप आला, मी विसरले, ते रात्रभर आत राहिलं. सकाळी घडी छान सैल झाली होती, पण प्रत्येक अक्षराभोवती फिकट तपकिरी वलय उमटलेलं. काही ठिकाणी शाई पाठीमागे पार झाली होती.

शाई लोह आणि मायफळाची. मला माहीत होतं, वहीत लिहूनही ठेवलं होतं. या शाईत मोकळं लोह आणि आम्ल उरलेलं असतं, ते कोरड्यात गप्प बसतं. दमट हवा मिळाली की ते अक्षरातून बाहेर सरकतं आणि जिथे जाईल तिथला कागद खायला लागतं. वलय आता कायमचं. आजींना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “वाचता येतंय ना अजून?” येतंय. पण मला रात्री झोप लागली नाही.

यापुढचा नियम: लोहाच्या शाईच्या पत्राला डब्यातली वाफ नाही, गव्हाची ओली खळही नाही. फाटलेल्या घडीला जिलेटिन लावून वाळवलेला जपानी कागद, तोही अगदी किंचित ओलसर करून. आणि जी पत्रं उघडायलाच तयार नाहीत अशी 38 मी सरळ बाजूला ठेवली आहेत, जूनपर्यंत. जूनमध्ये इथली हवा आपोआप पन्नास टक्क्यांच्या आसपास येते. खोलीत आर्द्रतायंत्र लावून बघितलं, तर काचेवर आतून बर्फाचा थर! 140 वर्षं घडीत राहिलेलं पत्र आणखी तीन महिने राहील.

पॉलिस्टरची पारदर्शक पाकिटं घेणार असाल तर पेन्सिलीतली पत्रं त्यात घालू नका. त्यातली स्थिर वीज शिशाची भुकटी ओढून घेते. माझ्याकडे पेन्सिलीची नऊ आहेत, ती साध्या कागदी घडीत ठेवली.

तारखा लावणं मात्र मजेचं काम. निम्म्या पत्रांवर साल नाही, पण आजींच्या घराण्याने पाकिटं टाकली नाहीत, देव त्यांचं भलं करो. नॉर्वेच्या पाकिटांवर टपालाच्या शिंगाचं (पोस्टहॉर्नचं) चित्र असलेलं तिकीट. ते 1872 पासून आजतागायत चालू आहे, म्हणून फारसा उपयोग नाही. पणजीच्या मिनेसोटातल्या भावाची पाकिटं जास्त बोलतात: तीन सेंटचं तिकीट असेल तर बहुधा 1 ऑक्टोबर 1883 च्या आधीचं, कारण त्या दिवशी दर दोन सेंटवर आला. पत्त्यात ‘डी. टी.’ म्हणजे डकोटा टेरिटरी. 2 नोव्हेंबर 1889 ला उत्तर आणि दक्षिण अशी दोन राज्यं झाली, तेव्हा पत्र त्याआधीचं असं धरता येतं. पण जपून. नॉर्वेच्या डोंगरातल्या एखाद्या मावशीला ते कळायला आणि सवय मोडायला किती दिवस लागले असतील कोण जाणे.

ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांच्यासाठी: 12 जानेवारी 1888 ला या भागात शेकडो बळी घेणाऱ्या त्या हिमवादळाबद्दल एक ओळही नाही. त्या फेब्रुवारीचं पत्र आहे, अख्खं बियाण्याच्या गव्हाच्या भावावर.

वाचनाचं. पणजीच्या आईची पत्रं जुन्या गॉथिक वळणात, धाकट्या बहिणीची आजच्यासारख्या लॅटिन वळणात. गॉथिकमधला ‘ई’ हुबेहूब ‘एन’सारखा दिसतो, आणि ‘यू’ ओळखायचा तो डोक्यावरच्या चंद्रकोरीवरून. लहानपणी आजोबांकडे मोडी गिरवली होती, तिचा इथे उपयोग झाला. अक्षर न् अक्षर सोडवत बसायचं नाही, हात कुठून कुठे वळला ते बघायचं.

आणि आता भावाचं 17 क्रमांकाचं पत्र. त्यात ‘बार्न’ आल्याचं लिहिलंय. नॉर्वेजियनमध्ये बार्न म्हणजे मूल. मी धावत आजींकडे गेले: तुमच्या त्या मामेघरात आणखी एक बाळ होतं! त्यांनी लगेच चुलत बहिणीला फोन केला, वंशावळीत पेनाने चौकोन काढला, ‘नाव अज्ञात, मिनेसोटा’.

आठवड्याने स्कॅन पुन्हा उघडला आणि आधीचा शब्द नीट पाहिला. ‘एन न्यू बार्न’. ‘एन’ आणि ‘एट’ दोन्ही म्हणजे ‘एक’, पण मूल हा शब्द नपुंसकलिंगी, तेव्हा ‘एट’ हवं होतं. पुढची ओळ घडीवर पुसट झालेली. स्कॅनची फक्त निळी वाहिनी ठेवली, तपकिरी शाई गडद झाली, आणि दिसलं: छप्पर अजून व्हायचंय. बाळ नव्हतं, गोठा होता. इंग्रजीतला बार्न, त्याला नॉर्वेजियन लिंग लावून घरात घेतलेला, जसं आम्ही घरी “स्नो शॉवेल केलास का?” म्हणतो.

आजींना सांगितलं. त्या खूप हसल्या. पण चौकोन काही खोडला नाही, म्हणाल्या पेनाने काढलाय, राहू दे, खाली ‘गोठा’ लिही.