फेलिक्सवरून झालेला वाद

शुक्रवार, २७ सप्टेंबर २०१९, बेलव्ह्यू

आज ऑफिसात जेवताना पुन्हा तोच विषय निघाला आणि या वेळी मी गप्प बसले नाही. टेबलावरचा एकजण म्हणाला, "त्याला दोन वर्षांपूर्वीच घरी बसवायला हवं होतं." तो म्हणजे फेलिक्स हर्नांडेझ. तो पिचर, म्हणजे बेसबॉलमधला गोलंदाज. काल रात्री टी-मोबाइल पार्कवर त्याने सिएटलच्या मरिनर्स संघासाठी बहुधा शेवटचा सामना टाकला. पाच इनिंग (एका इनिंगमध्ये तीन बाद) आणि वर एक बाद, तीन धावा दिल्या, ओकलंडने ३-१ असं हरवलं. मोसमाचा हिशेब एक विजय, आठ पराभव, ईआरए ६.४०. ईआरए म्हणजे नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडणाऱ्या धावा. तो तीनच्या आसपास असेल तर पिचर उत्तम, पाचच्या वर गेला की संघ दुसरा माणूस शोधायला लागतो.

आकडा बोलका आहे, ते मला मान्य आहे. पण "घरी बसवायला हवं होतं" या वाक्यात जो तुच्छपणा होता तो मला सहन झाला नाही. ज्या माणसामुळे मी हा खेळ पाहायला शिकले त्याच्याबद्दल कोणी असं बोलताना मला ऐकवत नाही.

या वादाचं खरं कारण असं आहे की फेलिक्स सगळेच सामने वाईट टाकत नव्हता. गेल्या वर्षी २९ मार्चला क्लीव्हलँडविरुद्ध मोसमाचा पहिला सामना त्यानेच टाकला, सलग दहाव्या वर्षी, आणि पाच इनिंगहून जास्त वेळ एकही धाव दिली नाही. आपण २-१ असे जिंकलो. त्याला सगळे 'किंग फेलिक्स' म्हणतात, त्यामुळे त्या रात्री सगळे म्हणत होते की राजा परत आला. मग ऑगस्टमध्ये टेक्सासमध्ये त्याच्यावर एका सामन्यात ११ धावा झाल्या. माणूस तोच, मोसमही तोच. सरसकट वाईट खेळणाऱ्याबद्दल कोणी भांडत नाही, त्याला सगळे मिळून निरोप देतात. फेलिक्सच्या बाबतीत दर चार-पाच सामन्यांनी एक अशी रात्र यायची की पुन्हा आशा लागायची. आशा लावून बसलेले आणि वैतागलेले असे दोन गट त्यातूनच झाले. दोन्ही गट त्याच्यावर जीव टाकणारे होते, एवढं मात्र मी छातीठोकपणे सांगेन.

नेमकं काय बिघडलं हे मला या दोन-तीन वर्षांत सामने पाहून कळत गेलं. फेलिक्सचं हुकमी अस्त्र म्हणजे चेंजअप. हात फास्टबॉलसारखाच फिरतो, पण चेंडू जरा कमी वेगाने येतो आणि प्लेटपाशी, म्हणजे बॅटरजवळ, खाली बुडतो, त्यामुळे बॅटरची बॅट आधीच फिरून जाते. बहुतेक पिचरांचा चेंजअप बराच हळू असतो. फेलिक्सचा ताशी ९० मैलांच्या आसपास यायचा, कित्येकांच्या फास्टबॉलएवढा. त्याचा स्वतःचा फास्टबॉल तेव्हा ९५ च्या घरात होता म्हणून हे चालून जायचं. आता फास्टबॉलच ९० ला आला आहे. दोन्ही चेंडू एकाच वेगाने यायला लागले की बॅटरला फसायचं कारणच उरत नाही. ज्या दिवशी चेंडू गुडघ्याच्या उंचीवर, अगदी कडेला पडतात त्या दिवशी तो अजूनही भारी पडतो. वीतभर वर राहिला की होमरन. पूर्वी त्याच वीतभर चुकीला वेग सांभाळून घ्यायचा. त्याच्या खेळातलं हे वरखाली होणं इतकं साधं आहे, आणि तरीही लोक त्याच्या मेहनतीवर आणि हेतूवर शंका घेतात.

वेग कुठे गेला, हेही सांगायला हवं. फेलिक्स व्हेनेझुएलातल्या वालेन्सियाचा. २००५ मध्ये सिएटलसाठी पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा १९ वर्षांचा होता. २००९ ते २०१२ या चारही मोसमांत त्याने दर वर्षी २३० च्या वर इनिंग टाकल्या. आता तो ३३ चा आहे. वयाच्या मानाने म्हातारा नाही, पण त्या खांद्याचं वय वेगळंच धरायला हवं. २०१७ मध्ये खांद्याने त्याला बराच काळ बाहेर बसवलं, यंदा मे महिन्यात पुन्हा तेच झालं आणि परतायला ऑगस्ट उजाडला.

यावर ऑफिसातला दुसरा, जो इथेच लहानाचा मोठा झाला आहे, म्हणाला, "मग जेमी मॉयर?" मुद्दा तगडा होता. मॉयर याच संघाचा. २००१ मध्ये ३८ व्या वर्षी २० विजय, २००३ मध्ये चाळिशीत २१, आणि त्याचा चेंडू तर बहुतेक वेळा ऐंशीच्या घरात. पुढे ४९ वर्षांचा होईपर्यंत तो मोठ्या लीगमध्ये खेळला. त्याला जमलं ते फेलिक्सला का जमू नये? आणि फेलिक्सहून तीन वर्षांनी मोठा असलेला पिचर जस्टिन व्हर्लँडर याच महिन्याच्या १ तारखेला टोरांटोत कारकिर्दीतला तिसरा नो-हिटर (समोरच्या संघाला एकही हिट न देता संपवलेला सामना) टाकून गेला, हे कोणीतरी लगेच जोडलं.

मी म्हटलं ते असं: मॉयरकडे तो वेग कधी नव्हताच. वेगाशिवाय कसं जगायचं हे तो विशीतच शिकायला लागला आणि शिकायला त्याला पंधरा वर्षं मिळाली. फेलिक्सला ते तिशीनंतर, दुखऱ्या खांद्याने, दर पाचव्या दिवशी हजारो लोकांसमोर शिकायचं होतं. व्हर्लँडरच्या हातात वेग टिकला हे त्याचं भाग्य आणि त्याचे कष्ट, दोन्ही. पण एकाचा हात टिकला म्हणून दुसऱ्याने आळस केला असं कसं ठरतं?

संध्याकाळी घरी आल्यावर हे सगळं नवऱ्याला सांगितलं. त्याने एकच नाव घेतलं, "झहीर." आम्ही दोघं नगर जिल्ह्यातले, त्यामुळे श्रीरामपूरच्या झहीर खानबद्दल आमच्या घरात फार बोलावं लागत नाही. २०११ मध्ये लॉर्ड्सवर पहिल्याच दिवशी त्याची मांडी धरली, तो मैदानाबाहेर गेला आणि त्या दौऱ्यात भारताचं काय झालं ते सगळ्यांना आठवतं. नंतर संघातून आत-बाहेर. शेवटची कसोटी फेब्रुवारी २०१४, वेलिंग्टन. मॅक्युलमने त्रिशतक ठोकलं त्या डावात ३५ वर्षांच्या झहीरने ५१ षटकं टाकली आणि १७० धावांत पाच बळी घेतले. वेग कधीच गेला होता. त्या आकड्यांकडे पाहून कोणी म्हणेल धुलाई झाली, कोणी म्हणेल पाच बळी. आम्ही दोघं ती कसोटी पाहत होतो आणि आम्हाला ५१ षटकं दिसत होती.

मला फेलिक्समध्ये तेच दिसतं. २०१० मध्ये त्याला अमेरिकन लीगच्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला तेव्हा त्याच्या नावावर १३ विजय आणि १२ पराभव होते. ईआरए २.२७. इतका अचाट पिचर आणि १२ पराभव, कारण त्या मोसमात मरिनर्सनी १६२ सामन्यांत मिळून अवघ्या ५१३ धावा केल्या आणि १०१ सामने गमावले. तो दोन धावा द्यायचा, आपण एक करायचो. तरी २०१३ मध्ये त्याने इथेच सात वर्षांचा, साडेसतरा कोटी डॉलरचा करार केला आणि सही करताना रडला. पैशांचा मुद्दा काढणाऱ्यांना मी म्हणते की ज्या वर्षांत त्याने संघाला उचलून धरलं त्या वर्षांत संघाने त्याला काय दिलं तेही त्याच वहीत लिहा. २०१४ च्या मोसमाच्या शेवटच्या दिवशी प्लेऑफची, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेरीची, आशा शिल्लक होती. फेलिक्स एकही धाव न देता टाकत होता आणि तिकडे ओकलंड टेक्सासमध्ये जिंकलं. फलकावर तो निकाल लागल्यावर त्याला सहाव्या इनिंगमध्ये बाहेर बोलावलं, सगळं मैदान उभं राहिलं. एका सामन्याने हुकलं. प्लेऑफमध्ये तो एकही चेंडू टाकू शकला नाही, हे मला त्याच्या ६.४० पेक्षा फार जास्त लागतं.

मात्र गेल्या वर्षी टेक्सासनंतर मॅनेजर स्कॉट सर्व्हायसने त्याला बुलपेनमध्ये, म्हणजे सामन्याच्या मधे येणाऱ्या पिचरांमध्ये, पाठवलं तो निर्णय बरोबर होता, असं माझं आजही ठाम मत आहे. त्या दिवसापर्यंत फेलिक्सने कारकिर्दीतला प्रत्येक सामना सुरुवातीपासून टाकला होता, त्याला ते किती लागलं असेल याची कल्पना करवत नाही. तरीही संघ प्लेऑफच्या शर्यतीत होता, इतर खेळाडूंचीही वर्षं जात होती. पुढे थोड्याच दिवसांत आमचाच दुसरा पिचर जेम्स पॅक्स्टनच्या हाताला चेंडू लागला आणि फेलिक्सला सुरुवातीच्या पिचरांमध्ये परत घ्यावं लागलं, तो भाग वेगळा. मॅनेजरने कोणाला खेळवायचं ते आजचा हात पाहून ठरवावं. त्या माणसाबद्दल कोणत्या भाषेत बोलायचं हे ठरवताना मात्र आपल्यासमोर पंधरा मोसम असायला हवेत. ऑफिसात मी नेमकं याच्यासाठी भांडले.

काल किंग्ज कोर्टमध्ये, म्हणजे डाव्या फाउल पोलजवळ बसणाऱ्या फेलिक्सच्या चाहत्यांच्या त्या पिवळ्या गर्दीत, आमच्या पुढच्या रांगेत एक आजी होत्या. किंगडोम हे मरिनर्सचं जुनं मैदान होतं तेव्हापासून सामन्यांना येतात. दोन स्ट्राइक झाल्या की (तिसरीला बॅटर बाद, तोच स्ट्राइकआउट) सगळे त्याची खूण असलेला 'के' लिहिलेले पिवळे फलक उंचावून ओरडतात, त्याही ओरडत होत्या. मधेच वळून मला म्हणाल्या की परफेक्ट गेमच्या दिवशी मी इथे होते. १५ ऑगस्ट २०१२, टॅम्पा बेविरुद्ध १-०, आलेले २७ च्या २७ बॅटर बाद, त्यातले १२ स्ट्राइकआउट, आणि शेवटचा बळीही चेंजअपवरच. मी विचारलं, आता हे असं पाहायला त्रास होत नाही का? म्हणाल्या, होतो ना, पण मी त्रास चुकवायला येत नाही.

सहाव्या इनिंगमध्ये सर्व्हायस चेंडू घ्यायला आला तेव्हा फेलिक्सने टोपी काढून चहूकडे पाहिलं. तो रडत होता. मीही रडले. मुलीने विचारलं, आपण हरतोय म्हणून का? मी नाही म्हटलं.

जेवणाच्या टेबलावर शेवटी मला विचारलं गेलं की पुढच्या वर्षी तो दुसऱ्या संघात दिसला तर बघशील का. तो निवृत्त होत नाहीये, त्याला अजून खेळायचं आहे. पुष्कळांना वाटतं त्याने आता थांबावं, नाव खराब करू नये. पण १६९ विजय आणि अडीच हजारांवर स्ट्राइकआउट आता कोण खराब करणार? थांबायचं कधी हे त्याने ठरवावं, आणि घ्यायचं की नाही हे संघाने. कोणी घेतलं तर मी तो सामना लावणार, पहिल्या चेंडूपासून, आणि त्याचा चेंजअप खाली बुडावा म्हणून जीव तोडून ओरडणार. समोर मरिनर्स असले तरी.