बादलीतलं जुनं पाणी

काकूंनी फोनवर एवढंच विचारलं होतं, "पाणी पिवळट दिसतंय रे, काय करू?" मी दुसऱ्या एका घरी टाकीत कोपरापर्यंत हात घालून उभा होतो. म्हटलं, अर्धं बदला, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायचं औषध टाका, बाकी काही नाही. घरोघरच्या माशांच्या टाक्या सांभाळणं हाच माझा धंदा, त्यामुळे हे वाक्य दिवसातून चारदा तोंडातून जातं.

दोन तासांनी परत फोन. "अरे, सगळे वर येऊन तोंड उघडतायत!"

पोचलो तेव्हा वीसपैकी तीन नियॉन टेट्रा तळाशी आडवे पडले होते. बाकीचे पाण्याच्या वरच्या थराला चिकटलेले, कल्ले भराभर हलतायत, निळी पट्टी राखाडी. नुसती पट्टी फिकी दिसली तर मी घाबरत नाही. तो निळा म्हणजे रंगद्रव्य नव्हेच, कातडीतल्या सूक्ष्म स्फटिकांवरून परतणारा प्रकाश. अंधारात तो उतरतोच, आणि सकाळी दिवा लावल्याबरोबर "मासे मेले" म्हणून येणारे फोन मला पाठ आहेत. पण इथे भर दुपार होती आणि दिवा चालू होता.

पहिला संशय क्लोरीनवर. औषध बरोबर मोजून टाकलेलं. तापमान 25 अंश, म्हणजे तेही ठीक. फिल्टर चालू. माशांच्या घाणीतून तयार होणाऱ्या विषाची, अमोनियाची चाचणी केली तर नळी गडद हिरवी झाली, म्हणजे तो भरपूर. पाणी तर नुकतंच बदललेलं, मग हा अमोनिया आला कुठून?

"जुनं पाणी ओतून दिलंत का?"

"छे, झाडांसाठी बादलीत ठेवलंय."

बादलीतल्या पाण्यात अमोनिया टाकीच्या जवळजवळ दुप्पट निघाला. पीएचची, म्हणजे आम्लता मोजायची नळी मात्र पिवळी, म्हणजे 6 किंवा त्याहून खाली, आम्लधर्मी. टाकीतलं पाणी आता साडेसातला होतं. तेव्हा माझी ट्यूब पेटली.

गेले पाच महिने काकू पाणी बदलत नव्हत्या, आटलं तेवढं भरत होत्या, आणि तेही प्यायच्या आरओचं. माशांना चांगलं पाणी द्यावं ही माया. पण आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना पाण्यातले कार्बोनेट खात जातात. ते संपले की पीएच घसरतो, आणि 6 च्या आसपास जिवाणूच थंडावतात. मग अमोनिया साचत राहतो. मासे तरीही जगतात, कारण आम्लधर्मी पाण्यात तो बहुतांश अमोनियमच्या रूपात असतो आणि ते रूप त्यामानाने निरुपद्रवी. पीएच एकाने चढला की विषारी भाग सुमारे दहापट होतो, दीडने चढला की तीसपट. अर्धं पाणी काढून नळाचं भरल्यावर अमोनिया निम्मा झाला, पण पीएच दीडने चढला आणि विष पंधरापट वाढलं. आणि ते पाणी बदलायला सांगणारा मीच. पिवळटपणा बहुधा टाकीतल्या लाकडाचा असेल, त्याकडे बघायचीही गरज नव्हती.

मोठ्या टबात नळाचं पाणी घेतलं, औषध टाकलं, तापमान जुळवलं, हवेचे बुडबुडे सोडणारा एअरस्टोन सोडला आणि मासे हलक्या हाताने जाळीतून त्यात नेले. पीएचचा धक्का बसून गेलाच होता, आता अमोनियापासून सुटका महत्त्वाची. टाकीचं पाणी दोनदा पूर्ण बदललं, फिल्टरच्या स्पंजला मात्र नळाखाली धरलं नाही, जे थोडे जिवाणू उरले असतील ते तरी क्लोरीनपासून वाचावेत. मधल्या वेळात आणखी दोन गेले.

संध्याकाळी पंधरा मासे टाकीत परतले. कोपऱ्यात एकमेकांना खेटून, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला.

"बघ, किती छान एकत्र फिरतायत," काकू म्हणाल्या.

मी काही बोललो नाही. नियॉन इतके घट्ट जमतात ते भेदरल्यावर. रुळलेले असले की थवा सैल होतो, एखादा पानामागे रेंगाळतो, दुसरा उगाच कुणाचा तरी पाठलाग करतो. मी पेटी आवरण्याच्या निमित्ताने तासभर थांबलो. शेवटी एक जण लाकडापर्यंत एकटा जाऊन आला. पट्टीत जरासा निळा होता.

दोन दिवस खाणं बंद, मग चिमूटभरच, आरओ नको, आणि एक दिवसाआड मी येऊन चाचणी करणार, एवढं सांगून निघालो. फोनवरच्या सल्ल्याबद्दलही बोललो. काकूंनी ते ऐकून घेतलं आणि बादलीकडे बोट दाखवलं.

"मग हे झाडांना घालू की नको?"

"घाला," मी म्हटलं. "झाडांना ते खतच आहे."