तुम्ही विचारलंत म्हणून : मात्रा का दिली नाही

आजीला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी लग्नकार्यात कुणीतरी बाजूला घेऊन विचारतंच, "वैद्यांचं घर तुमचं, हेमगर्भ होता ना? मग मात्रा का नाही दिलीत?" विचारणारे वडीलधारे, म्हणून आजवर गप्प बसले.

आताच्या मुलांना मात्रा म्हणजे औषधाचं प्रमाण. आमच्याकडे काढा, चूर्ण, चाटण ही औषधं, मात्रा निराळी. भस्मांची, पारा-गंधकाची, सहाणेवर उगाळून द्यायची. हेमगर्भ त्यातलीच एक, अखेरच्या घटकेला द्यायची. 'कुणाची मात्रा चालेना' हे तुम्ही पुढाऱ्यांबद्दल म्हणता. आमच्या ओसरीवर ते आजाऱ्याबद्दल, हळू आवाजात म्हटलं जायचं.

त्या रात्री आजी बेशुद्ध होती, घशात घरघर. तोंडातून थेंबही देऊ नका, श्वासनलिकेत जाईल, असं डॉक्टर बजावून गेले होते. काकांनी सहाण मांडली. हेमगर्भ म्हणजे सोनं, तांबं, पारा, गंधक. रेशमी कापडात बांधून वितळलेल्या गंधकात शिजवलेली, सुपारीएवढी कठीण गुटी. आल्याचा रस आणि मध घालून ते वळसे मोजत होते. दगडावर काळसर रेघ उमटायला लागली. त्यांनी बोट बुडवलं आणि मी त्यांचं मनगट धरलं.

"काका, तिला गिळता येत नाहीये."

"गिळायची कुठे आहे? जिभेला लावतो. धाकटा मुंबईहून निघालाय गं, तोवर तरी."

मी हात सोडला नाही. सहाणेवरचा लेप तसाच वाळला. पहाटे आजी गेली. धाकटे काका उजाडल्यावर पोचले.

मला आयुर्वेदाचा राग आहे असं कृपा करून म्हणू नका. कॉलेजात असताना मी या सगळ्याला थोतांड म्हणायचे, आज म्हणणार नाही. आजोबा मात्रा देताना 'बरं वाटेल' असं कधीच म्हणत नसत. "येणाऱ्यांना येऊ दे," एवढंच म्हणत. म्हणजे ते रोगावर औषध देतच नव्हते, वेळ मागत होते. आणि तेवढाच वेळ काकांनीही मागितला होता.

मग जिभेला लावू द्यायचं होतं, असं तुम्ही म्हणाल. पण ती घरघर तुम्ही ऐकली नव्हती. पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा मनगट धरीन. धाकट्या काकांना मात्र हे समोर बसून अजून सांगता आलेलं नाही, आणि त्यांनीही कधी विचारलेलं नाही.