सहाच तर जास्त

दुपारी जेवायला बसलो आणि मोबाइल वाजला. ई-चलान. मर्यादा ८०, गाडीचा वेग ८६. मंगळवार, एरंडोल सोडून पारोळ्याकडे जाताना. म्हणजे नानांकडे निघालो होतो तेव्हाचं. त्या दिवसाबद्दल आत्ता लिहीत नाही.

आधी नुसता चरफडलो. सहा! लक्झरीवाले शंभरने अंगावरून जातात, कापसाच्या ट्रॉलीला रात्री मागे साधा लाल दिवा नसतो, आणि धरलं कुणाला, तर मला. वीस वर्षांत एक पावती फाटली नाही माझ्या नावावर. हिला म्हटलं, सहाला काय जास्त म्हणायचं? ती भाकरी वाढत म्हणाली, "मग किती झालं की म्हणायचं?"

दहा म्हणणार होतो. म्हणालो नाही.

संध्याकाळी कायदाच काढून बसलो. मोटार वाहन कायदा, १९८८. कलम ११२ म्हणतं, ठरलेल्या वेगापुढे जायचं नाही. कलम १८३ मध्ये दंड, हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये. 'थोडंसं' असा शब्द कुठे सापडतो का म्हणून दोन्ही कलमं दोनदा वाचली. मग मनात आलं, मीटरच चुकत असेल. पण नियमाप्रमाणे मीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायचाच नसतो, जास्त दाखवला तर चालतो. म्हणजे माझा काटा ८६ च्या खाली नव्हताच. मी तो बघितला असणार, आणि तसाच गेलो असणार.

तरीही सहाच, असं वाटत राहिलं. तोवर चलानातला फोटो मोठा करून बघितला नव्हता.

फोटोत माझी गाडी. आणि डाव्या कडेला, रस्त्याच्या काठावर, वेचणीवरून परतणारी एक बाई. डोक्यावर कापसाचं गाठोडं, एक हात त्याला लावलेला. दुसऱ्या बाजूला पदर धरून एक पोरगं. त्याचा एक पाय डांबरावर आहे.

मला ती दोघं आठवत नाहीत. खूप ताण दिला डोक्याला. रस्ता रिकामा होता असंच आठवतं.

वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. ब्रेक लावल्यावर गाडी किती फरफटते ते वेगाच्या वर्गावर ठरतं. ८० चा वर्ग ६,४००, ८६ चा ७,३९६. दोघांनी एकाच जागी, सारखाच ब्रेक दाबला, तर ८० वाला जिथे पूर्ण थांबतो तिथे ८६ वाल्याकडे ९९६ उरतात. त्याचं वर्गमूळ साडेएकतीस. म्हणजे तिथे माझी गाडी ताशी एकतीस किलोमीटरने अजून पुढेच चाललेली असते. सहाने नाही, एकतीसने. तीनदा करून पाहिलं, तेवढंच येतंय.

आणि वाचवलं काय? जळगाव ते धुळे नव्वदेक किलोमीटर. सगळा रस्ता ८६ ने गेलो तरी पाच मिनिटं वाचत नाहीत. पाच मिनिटं आधी पोचून नानांना...

असो. दंड भरला. हिला सांगितलं, तिने नुसती मान हलवली. बरं वाटलं तेवढ्यानेही.

शुक्रवारी परत जायचंय. सात ऐवजी साडेसहाला निघेन, आणि एरंडोलच्या पुढे डाव्या कडेला बघत जाईन. फोटो मोबाइलमधून काढलेला नाही.