तुम्ही विचारलंत म्हणून: भाऊ मागे राहिला, तरी मी पुढे का गेले

डिचोलीत, फोंड्यात किंवा घरच्या एखाद्या कार्यात सायकलचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच: हिमाचलातल्या जोडीच्या शर्यतीत आतेभाऊ आजारी पडला असताना सर्वांत लांबचा टप्पा तुम्ही एकटीने का पूर्ण केलात? आजवर मी “त्यानेच जा म्हटलं” एवढेच सांगत आले. ते खरे आहे, पण पुरेसे नाही.

प्रश्नामागचा आरोप मला कळतो. दक्षिण आफ्रिकेतल्या केप एपिक शर्यतीत जोडीदारांमध्ये दोन मिनिटांहून अधिक अंतर पडले तर दंड होतो, इतकी ही सोबत काटेकोर मानली जाते. आमच्याही शर्यतीत जोडी फुटताच निकालातून आमचे नाव गेले होते. उरलेल्याला वेळेच्या मर्यादेत पुढे जाण्याची मुभा तेवढी होती. पुढे जाऊन मला काही मिळणार नव्हते आणि थांबून त्याच्या ओकाऱ्या थांबणार नव्हत्या.

आमची तयारी चोर्ला घाटात आणि सत्तरीतल्या जांभ्याच्या कच्च्या रस्त्यांवर झाली होती. समुद्रकाठच्या माणसांनी तीन हजार मीटरवर जायचे म्हणजे दर श्वासाला इथल्यापेक्षा सुमारे तीस टक्के कमी प्राणवायू मिळणार, हे आम्हाला ठाऊक होते. तरीही पाण्याच्या दुसऱ्या थांब्याआधी तो सायकलवरून उतरला आणि दरीकडच्या दगडावर डोके धरून बसला, तेव्हा मला पहिल्यांदा वाटले ते हे, की याने सकाळी नीट खाल्ले नसेल. डॉक्टरांनी बोटाला यंत्र लावून पाहिले आणि त्याला तिथेच थांबवले. खाली नेणारी गाडी आली होती, डॉक्टर सोबत जाणार होते. तो म्हणाला, “ताई, तू जा. दोघांनी गाडीत बसून काय करायचं?”

वजन वाचवण्यासाठी आम्ही हत्यारे वाटून घेतली होती: साखळी जोडायचे साहित्य माझ्याकडे, पंप आणि जादा ट्यूब त्याच्याकडे. पुढे जायचे तर ती मला घ्यावी लागणार होती. तो डोळे मिटून बसला होता आणि मी त्याच्या पाठीवरच्या पिशवीची चेन उघडत होते. त्याने न सांगता खांदा किंचित वळवला, मला पंप निघावा म्हणून. तुम्ही विचारता तेव्हा मला आठवतो तो हा वळलेला खांदा, आणि म्हणून माझे उत्तर तुटक होते.

उतारावर धारदार दगडाने मागचा टायर चिरला. टायर बिनट्यूबचा होता; छिद्रे बुजवण्यासाठी आत भरलेल्या द्रवाने ती चीर बुजेना, तेव्हा त्याचीच ट्यूब घालून त्याच्याच पंपाने हवा भरली. त्या उतारावर मी पडले असते, तर मागून येणारे स्वयंसेवक पोहोचेपर्यंत कोणाला कळले नसते, आणि ही भीती शेवटपर्यंत गेली नाही. तरी परत फिरावेसे मला एकदाही वाटले नाही. जोडीने जाताना माझा वेग त्याच्या श्वासावर ठरत असे. त्या दिवशी चढावर कुठे उतरायचे, कुठे रेटायचे, हे माझे मीच ठरवले, आणि वेळ संपायच्या आत पोहोचले. मला तो रस्ता संपवायचा होता. त्याने जा म्हटले नसते, तर मी त्याची समजूत घालायचा प्रयत्न केला असता, हेही आता सांगते.

पूर्वी मी स्वतःला बजावत असे की मी दोघांसाठी गेले. आज ते मला पटत नाही, पण पुढे जाणे चूक होते हेही पटत नाही. आत्याच्या घरी तो पुन्हा जोडीने उतरण्याविषयी बोलतो आणि विचारतो, या वेळी तू आजारी पडलीस तर मी जाऊ ना? मी लगेच हो म्हणते. मात्र त्या गाडीत बसून त्याला वळणाआड जाताना मला बघवेल का, याचे उत्तर अजून मिळाले नसल्याने नावनोंदणीचा अर्ज मी भरलेला नाही.