नौदलाच्या जहाजाजवळून जाताना: थोडे अंतराविषयी, बरेचसे रेडिओविषयी

सॅन डिएगोच्या उपसागरात हौसेखातर होडी चालवणाऱ्या माणसाने अमेरिकी नौदलापासून लांब राहायचे ठरवले, तरी ते फारसे जमत नाही. तोंडाशीच पॉइंट लोमाला पाणबुड्यांचा तळ आहे, पुढे नॉर्थ आयलंडला विमानवाहू नौकांचे धक्के आहेत, कोरोनाडोचा पूल ओलांडून दक्षिणेकडे गेले की विनाशिका रांगेने उभ्या दिसतात, आणि खुल्या समुद्राकडे जाणारी वाट मात्र सर्वांना एकच आहे. इथल्या आमच्या मराठी मंडळींपैकी काहींनी आता शिडाच्या होड्या घेतल्या आहेत. त्यांच्या गप्पांत हा विषय निघाला की एकजण हमखास म्हणतो की ५०० यार्डांच्या आत पाऊल टाकले की बेड्या पडतात, आणि दुसरा तितक्याच ठामपणे सांगतो की शिडाच्या होडीला इंजिनाच्या जहाजाने वाट द्यायचीच असते. दोघेही चुकतात.

नियम तसा सरळ आहे. अमेरिकी नौदलाच्या १०० फुटांपेक्षा लांब जहाजाभोवती ५०० यार्डांचा, म्हणजे सुमारे ४५७ मीटरांचा, संरक्षित पट्टा असतो. जहाज चालते तसा हा पट्टाही त्याच्याबरोबर चालतो. या पट्ट्यात येण्यास बंदी नाही. मात्र आत असताना, आपला मार्ग सुरक्षितपणे धरून ठेवता येईल इतक्या किमान वेगाने जावे लागते आणि नौदलाच्या किंवा तटरक्षक दलाच्या गस्ती नौकेने सांगितलेले ऐकावे लागते. खरी बंदी आहे ती १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरांच्या आत, आणि तिथे परवानगीवाचून जाता येत नाही. नियम मोडल्यास सहा वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. उपसागराच्या अरुंद भागात समोरून विमानवाहू नौका येत असेल तर ५०० यार्ड बाजूला सरकण्याइतके पाणीच नसते. तेव्हा घाबरून भलतीकडे वळण्यापेक्षा वेग कमी करून खाडीमार्गाच्या कडेला, पण आपल्या होडीला पुरेल इतक्या खोलीत, राहणे हेच नियमाला धरून आहे.

शिडाच्या हक्काविषयी एवढेच सांगतो की अरुंद जलमार्गात ज्या जहाजाला मार्गाबाहेर जाताच येत नाही, त्याच्या वाटेत २० मीटरांपेक्षा लहान होडीने किंवा शिडाच्या कोणत्याही होडीने अडथळा आणू नये, असे आंतरराष्ट्रीय नियमांतच लिहिले आहे. सुमारे ३३३ मीटर लांबीची विमानवाहू नौका आपल्यासाठी वळेल, ही अपेक्षा कुणी ठेवू नये.

हे सगळे इतके कडक का, याचे उत्तर येमेनमधल्या एडनच्या बंदरात आहे. १२ ऑक्टोबर २००० रोजी तिथे इंधन घेत असलेल्या ‘कोल’ या अमेरिकी विनाशिकेला स्फोटके भरलेली एक लहान होडी येऊन भिडली आणि १७ नौसैनिक मृत्युमुखी पडले. जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवले जाते तिथे, उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला आपली होडी दिसते, आपला हेतू दिसत नाही. डब्यातले पोहे खात निवांत बसलेले कुटुंब आणि दुसरे काही मनात असलेला माणूस, दोघेही त्याला लांबून सारखेच दिसतात. हेतू कळवण्याचे आपल्या हाती असलेले साधन म्हणजे रेडिओ. म्हणून माझे म्हणणे असे की अंतर आणि रेडिओ या दोन वेगळ्या गोष्टी मानू नयेत. अंतर संपण्याआधी बोलणे झालेले असले पाहिजे.

इथेच आपली भीड आड येते. एवढ्या मोठ्या जहाजाला आपण कशाला त्रास द्यायचा, आपले इंग्रजी उच्चार त्यांना कळतील का, सगळा उपसागर ऐकत असताना काही चुकीचे बोलून बसलो तर काय, असे म्हणत चांगली शिकलेली, कार्यालयात दिवसभर बैठका घेणारी माणसे माइक हातात घेऊन गप्प बसतात. गप्प बसणे हा समुद्रावर विनय ठरत नाही, उलट त्याने संशय वाढतो.

बोलण्याची रीत ठरलेली आहे. आधी ज्याला हाक मारायची त्याचे नाव, मग आपले नाव, मग आपण कुठे आहोत आणि काय करणार आहोत, आणि शेवटी ‘ओव्हर’. हाक मारायची ती व्हीएचएफच्या, म्हणजे होडीवरच्या नेहमीच्या रेडिओच्या, चॅनल १६ वर. १०० यार्डांच्या आत जाण्याची परवानगी मागायची तीही तिथेच. युद्धनौकेचे नाव ठाऊक असण्याची गरज नाही, नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, रंगवलेला क्रमांक पुरतो. ‘नेव्ही वॉरशिप’ आणि तो क्रमांक, पुढे ‘धिस इज सेलिंग व्हेसल वारणा’, इतके झाले की पुढचे वाक्य एकच असावे: मी तुमच्या उजव्या बाजूला अर्ध्या मैलावर आहे, शिडे उतरवून इंजिनावर आहे, मार्गाच्या कडेने बाहेर चाललो आहे. मराठी नावाची होडी असेल तर नाव अक्षरे फोडून सांगण्याची सवय करावी. प्रत्येक इंग्रजी अक्षरासाठी रेडिओवर ठरलेला शब्द वापरून व्हिस्की, अल्फा, रोमिओ, नोव्हेंबर, अल्फा म्हटले की वारणा कुणालाही लिहून घेता येते. उत्तर आले नाही तर किमान दोन मिनिटे थांबून पुन्हा हाक मारावी. रेडिओ चालतो की नाही हे तपासण्यासाठी किंवा पाहुण्यांना गंमत दाखवण्यासाठी हा चॅनल वापरू नये, कारण संकटात सापडलेल्या माणसाची हाकही त्याच चॅनलवर येणार असते.

यापेक्षा अवघड असते ते ऐकणे. युद्धनौकेला आपले नाव ठाऊक नसते, त्यामुळे ती वर्णनाने हाक मारते: माझ्या नाळेसमोरची पांढऱ्या शिडाची होडी. रविवारी दुपारी या उपसागरात पांढऱ्या शिडाशिवाय दुसरे काही नसते! अशा वेळी हाकेबरोबर सांगितलेले अक्षांश-रेखांश आपले आहेत का, हे लगेच पाहता यावे म्हणून जीपीएसचा पडदा सुकाणूवरच्या माणसासमोर हवा आणि रेडिओचा आवाज गाण्यांपेक्षा मोठा हवा. रेडिओ चालू असेल तर १६ वर कान ठेवणे हे इथे सौजन्य नसून बंधन आहे. जहाजाने पाच लहान भोंगे दिले, तर त्याचा अर्थ आपला हेतू त्याला कळलेला नाही. तेव्हा आधी वेग कमी करावा, स्पष्ट दिसेल असे वळण घेऊन दूर व्हावे आणि मग बोलावे.

रात्री पाणबुडीची गोष्ट वेगळी. ती पाण्याबाहेर इतकी थोडी दिसते की तिच्या दिव्यांवरून लहानशी होडी असल्याचा भास होतो. अमेरिकी पाणबुडीवर पिवळा दिवा असतो, तो तीन सेकंद दर सेकंदाला एकदा लुकलुकतो आणि पुढचे तीन सेकंद बंद राहतो. तो ओळखता आला नाही, तर अंतराचा सगळा हिशेब चुकतो.

एन्सेनाडापर्यंत, म्हणजे मेक्सिकोच्या हद्दीत जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे: देशांतर्गत पाण्यात हौशी होडीच्या व्हीएचएफला परवाना लागत नाही, पण परदेशी बंदरात जायचे तर होडीचा रेडिओ परवाना आणि बोलणाऱ्याचा परवाना, दोन्ही लागतात.

उरला प्रश्न पुण्याहून आलेल्या पाहुण्यांचा, ज्यांना विमानवाहू नौका अगदी जवळून पाहायची असते आणि तिच्यासमोर फोटोही हवा असतो. त्यांच्यासाठी शहराच्या धक्क्याला ‘मिडवे’ ही जुनी विमानवाहू नौका उभी आहे. २००४ पासून ती संग्रहालय आहे, तिकीट काढून थेट डेकवर फिरता येते, आणि त्यासाठी चॅनल १६ वर कुणाची परवानगी मागावी लागत नाही.